ससाण्यांनी कोच नेमला

टिलमन्स क्रॉसिंग, अलाबामा
३ डिसेंबर

जीनीबाई,

थांब, आधी पोटभर हसून घेते.

हं. झालं. काय गं हे, तुमच्या ससाण्यांच्या टीमला अख्ख्या देशात दुसरा कोच मिळाला नाही? ब्रेंट कोलवर्थ! ओहायोचा! पोरसवदा माणूस, डोक्यावर टोपीचं नुसतं झापड, वरून टाळू उघडी, आणि पत्रकारांसमोर आला तो हाफ चड्डीत. आम्ही चर्चच्या सगळ्याजणींनी टीव्हीवर पाहिलं. कुणीतरी त्याच्यासमोर गोड चहा ठेवला, उंच ग्लासात, बर्फ घालून, अगदी रीतसर. त्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, ग्लास बाजूला सरकवला आणि पाणी मागितलं. पाणी, जीनी! ज्याच्या घशाखाली इथला चहा उतरत नाही, त्याला इथली कॉलेजची पोरं काय कळणार?

आणि म्हणे बॉल फेकणार. दरवेळी फेकणार. अगं, बॉल काखेत घट्ट धरायचा आणि समोरच्याच्या छातीवर जायचं, याला आपल्याकडे फुटबॉल म्हणतात. हा माणूस चर्चच्या दारात नवरा-नवरीवर तांदूळ उधळतात तसा बॉल उधळतो. कुठे पडेल त्याचा नेम नाही.

फोनच करणार होते. पण तुला निम्मं ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो. शिवाय पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, तेवढंच सुख.

आता खरं सांगू का? थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी आमच्या खेचरांनी तुमच्या ससाण्यांना हरवलं आणि मी टीव्ही बंद करून नुसती बसून राहिले. शेजारची डॉटी आली, म्हणाली अभिनंदन. ती खेचरांचीच. चर्चमध्ये सगळ्या खेचरांच्याच. जिंकल्यावर वाकुल्या दाखवायला या गावात मला माणूस उरलेलं नाही. माझा क्लीव्ह देवाघरी गेला, आणि वर्ष व्हायच्या आत तू लेकीकडे मिनेसोटाला गेलीस. तुम्ही दोघं बहीण-भाऊ ससाण्यांचे निळे स्वेटर घालून सोफ्याच्या त्या टोकाला, मी खेचरांचा लाल घालून या टोकाला, आणि मध्ये उकडलेल्या शेंगांचं पातेलं. आता सगळा सोफा माझा. पाय पसरून बसते. काही मजा नाही त्यात.

पुढच्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला ये. शनिवारचा सामना इथं बघ. हरणार तर आहातच, निदान माझ्यासमोर हरा.

तुझी खेचर भावजय,
वेल्डा

---

सेंट अल्बर्ट, मिनेसोटा
११ डिसेंबर

वेल्डा,

हसलीस ना? हस. तुमच्याकडे हसायला दुसरं आहे काय.

कोलवर्थ बॉल फेकतो अशी तुझी तक्रार. बाई गं, फेकलेला बॉल डोक्यावरून जातो आणि खेचराला मान वर करता येत नाही. म्हणूनच तर आणलाय त्याला! आधीचा कोच, बक्सटन म्हातारा, अकरा वर्षं तुमच्या भिंतीवर डोकं आपटत होता. डोकं फुटलं, भिंत काही पडली नाही. आता आम्ही भिंतीवरून जाणार. आणि चहाचं म्हणशील तर डॉक्टरनं साखर बंद केली असेल बिचाऱ्याची. हाफ चड्डीबद्दल मात्र मी काही बोलत नाही. गुडघे बरे नाहीत त्याचे.

इथं बर्फ खिडकीपर्यंत आलंय. लॉरेल सकाळी कामाला जाते ती अंधार पडल्यावर येते. जावई भला माणूस आहे, पण तो बर्फाला भोक पाडून मासे धरतो आणि तेवढ्याबद्दलच बोलतो. इथल्या लोकांचा फुटबॉल म्हणजे रविवारचा, पगारी माणसांचा. म्हाताऱ्यांच्या क्लबात मी सांगितलं की आम्ही कोच बदलला, तर एकीनं विचारलं, कुठल्या शाळेत शिकवतो? मी सगळं समजावून सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "हो का." इथं "हो का" म्हटलं की विषय संपला. भांडतच नाहीत गं ही माणसं. मी शेवटचं कधी कुणावर ओरडले आठवत नाही.

माझी आई म्हणायची, क्रेनशॉंच्या घरात खेचर सून आली, आता देवच राखो. तेव्हा तुझा राग यायचा. आता वाटतं, बरं झालं आलीस. आठवतं, लॉरेल झाली तेव्हा नर्सनं तिला लाल दुपट्यात गुंडाळून आणलं होतं? मी पोर हातात घेतली नाही. म्हटलं, आधी निळं आणा. नर्सला वाटलं मला वेड लागलंय. तू तिथेच उभी होतीस, हसून हसून खाली बसलीस.

नोव्हेंबरला येईन. तुझ्या सोफ्यावर बसून तुला हरवीन.

हाडाची ससाणी,
इमोजीन

---

टिलमन्स क्रॉसिंग
२० जानेवारी

जीनी,

बातमी ऐक आणि लाजेनं मान खाली घाल.

तुमचा कोलवर्थ आपल्या गावात आला होता. टॉलिव्हर आजीच्या नातवाला टीममध्ये घ्यायला. तो रस्त्यापलीकडचा, बैलासारख्या मानेचा पोरगा, तू ओळखतेस त्याला. आता कुठलाही कोच टीमसाठी पोरगा मागायला आला की आजीच्या टेबलावर बसून जेवतो, दुसऱ्यांदा वाढून घेतो, आजीची तारीफ करतो आणि मगच कामाचं बोलतो. हे कुणी शिकवावं लागतं का? आजीनं मक्याचा कॉर्नब्रेड केला होता, लोखंडी तव्यातला, कडा कुरकुरीत. त्या माणसानं काय करावं? त्यावर केचप ओतला. जीनी, केचप! आजी उठली, तवा उचलला आणि आत निघून गेली. पोरगा आमच्याकडे आला. खेचरांचा झाला.

आता याचीही बाजू घे पाहू. तू घेशीलच. कशी घेतेस तेच मला वाचायचंय. रोज दुपारी टपालपेटीपर्यंत दोनदा जाऊन येते. डॉटी म्हणते, कुणी प्रियकर गाठलास की काय. म्हटलं नाही गं बाई, त्याहून वाईट. नणंद आहे.

तुझी,
वेल्डा

---

सेंट अल्बर्ट
२६ फेब्रुवारी

वेल्डा,

उशीर झाला. पत्र लिहिलं होतं, टाकायचं राहिलं, मग कुठं ठेवलं कोण जाणे.

त्या केचपवाल्याचं तू म्हणतेस ते बरोबर आहे. बॉल असा फेकायचा नसतो. आपल्याकडे पळतात. मला तो माणूस पहिल्यापासून आवडला नाही. ससाण्यांनी चूक केली.

इथं थंडी फार. मी एकटीच चालायला गेले होते, तर एक पोलीस मला गाडीतून घरी सोडून गेला. भला मुलगा होता. लॉरेल उगीचच रडली.

लॉरेल झाली तेव्हाचं तुला आठवतं का? नर्सनं लाल दुपट्यात आणली होती. मी हातात घेतली नाही. म्हटलं आधी निळं आणा. तू हसून हसून खाली बसलीस.

क्लीव्हला सांग, गुडघा शेकत जा. थंडीत हयगय करतो तो.

इमोजीन

---

टिलमन्स क्रॉसिंग
९ मार्च

जीनीबाई,

चूक केली! तुझ्या हातचं, तुझ्या अक्षरात, "ससाण्यांनी चूक केली"! हा कागद मी फ्रिजवर लावलाय. डॉटीला दाखवला, पाद्रीबाबांना दाखवला. क्रेनशॉंच्या घराण्यात आजवर एकानं तरी कबूल केलं होतं का काही? तुझा भाऊ तर हरलेल्या सामन्याचा निकालसुद्धा कबूल करायचा नाही.

पण एवढ्या लवकर हार मानू नकोस गं. मी पुढच्या चार पत्रांची शस्त्रं परजून बसले होते. आता कुणावर चालवू?

दुपट्याची गोष्ट परत सांगितलीस. सांग. मला आवडते.

आणि क्लीव्हचं वाचून बरं वाटलं. निरोप दिला हं त्याला. मीही रोज बोलते फोटोशी, चहाचा कप घेऊन. शनिवारचे निकाल सांगते, टोमॅटो लावले ते सांगते. वाटायचं आपलंच डोकं जरा हललंय. तूही बोलतेस म्हणजे निदान दोघी आहोत.

आणि त्या थंडीत कशाला एकटी भटकतेस? घरात बस.

तुझी,
वेल्डा

---

सेंट अल्बर्ट
२२ एप्रिल

प्रिय वेल्डा,

काल टीव्हीवर खेळ पाहिला. आपली खेचरं काय सुरेख पळाली! तो बैलमान्या पोरगा आपल्याकडे आला हे फार छान झालं. नोव्हेंबरात आपण ससाण्यांना चिरडणार. त्यांच्या त्या कोचला म्हणावं, जा ओहायोला परत.

लॉरेलला सांगून लाल स्वेटर घेतला. ऊबदार आहे. क्लबात घालून जाते. सगळे छान म्हणतात.

तू अजून त्या ससाण्यांचीच का गं? सोड आता.

तुझी,
इमोजीन
(खेचरांची)

---

टिलमन्स क्रॉसिंग
१ मे

इमोजीन,

चेष्टेलाही काही रीत असते.

पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा वाटलं, मला हिणवतेय. तिसऱ्यांदा समजलं, तू खरंच स्वेटर घेतलास. कोच आवडला नाही म्हणून माणसं टीम सोडतात होय? आमची खेचरं ज्या वर्षी अख्ख्या सीझनमध्ये एकही सामना जिंकली नव्हती, त्या वर्षी तुमच्या अख्ख्या खानदानासमोर मी लाल स्वेटर घालून जेवायला बसले होते. तुझ्या आईनं मला भाजीसुद्धा शेवटी वाढली. तरी मी उतरवला नाही. आणि तू? एक हाफ चड्डीवाला आला म्हणून पळालीस?

मिनेसोटात राहून तुझं मिनेसोटा झालं. कुणाचंच काही नाही, सगळंच छान, सगळ्याला हो का.

तो स्वेटर उतरव. तो तुझा नाही. खेचरं तुझी नाहीत. त्यांना आपलं म्हणू नकोस. जिंकत्या बाजूला येऊन बसणारी माणसं मला नकोत, मग ती नणंद का असेना. क्लीव्ह असता तर त्यानं तुझ्याकडे बघितलंही नसतं.

नोव्हेंबरला यायचं असेल तर निळ्यात ये. नाहीतर येऊ नकोस.

वेल्डा

---

सेंट अल्बर्ट
१४ जून

प्रिय वेल्डामामी,

हे आधीच कळवायला हवं होतं. आईनंच शपथ घातली होती, वेल्डाला सांगू नकोस म्हणून. तेव्हा तिला सगळं कळत होतं. डॉक्टरांनी मागच्या उन्हाळ्यातच सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. ती म्हणाली, "वेल्डाला कळलं की ती माझ्याशी गोड वागेल, आणि ते मला सोसणार नाही."

फेब्रुवारीत ती बर्फात दोन मैल चालत गेली, चपला घालून. हायवेवर पोलिसांना सापडली. विचारलं तर म्हणाली, मी क्लीव्हकडे निघालेय.

स्वेटरचं सांगते. आमच्या इथल्या गावच्या शाळेचा रंग लाल आहे. क्लबात सेलमध्ये होता. तिनं उचलला, छातीशी धरला आणि म्हणाली, हा आमच्या घरातला आहे. मला वाटतं, मामी, तिच्या डोळ्यांसमोर तुझा सोफा आला असेल आणि त्यावरचा लाल स्वेटर. कुणाचा ते मात्र सुटलं. त्या दिवसापासून ती खेचरांची. क्रेनशॉ सगळे खेचरांचे, आणि तूच ससाण्यांच्या घरातून लग्न होऊन आलेली. मी दोन-तीनदा समजावलं. घाबरून जाते. आता मी समजावत नाही.

तुझं मेचं पत्र तिनं स्वतः वाचलं. मला ते आधी बघायला हवं होतं. दिवसभर हातात धरून बसली होती. रडत विचारत होती, वेल्डा मला आपल्या घरातून का हाकलतेय? मी काय केलं?

तुझा दोष नाही. तुला माहीतच नव्हतं. पण आता काय करायचं ते तू ठरव. नाही लिहिलंस तरी मी समजेन. ती मात्र रोज टपालवाल्याची वाट बघते.

तुझी,
लॉरेल

---

टिलमन्स क्रॉसिंग
२ जुलै

लॉरेल बाळा,

हा कागद फक्त तुझा. दुसरा तिला दे.

तुझं पत्र आलं आणि मी अंगणात जाऊन उभी राहिले. काय करावं सुचेना. फ्रिजवरचा कागद काढून टाकला. तिला रस्ते सुटत होते आणि मी पाद्रीबाबांना तो कागद दाखवत फिरत होते, बघा बघा, नणंद हरली. सगळं दिसत होतं गं त्या पत्रांत. पण मला भांडायचं होतं ना. भांडणापुढे मला काही दिसत नाही.

ती म्हणाली ते खरं आहे. मला कळलं असतं तर मी गोड वागले असते. आताही पहिल्यांदा तेच मनात आलं. "हो गं जीनी, आपली खेचरं," असं लिहून टाकायचं. लिहिलंसुद्धा. मग फाडलं. चर्चमध्ये सगळ्या मला तेच म्हणतात, हो गं वेल्डा, आपली खेचरं. तीही तसं म्हणायला लागली तर मला या जगात कुणीच उरत नाही. आणि तिच्याभोवती तर आधीच सगळे हो का म्हणणारे.

म्हणून सोबतचं लिहिलंय. असलं लिहायला माझा हात धजत नव्हता, देवाशपथ. दोन आठवडे लागले. डॉटीला कळलं तर मला चर्चमधून काढतील. पण दोघींपैकी एकीला तरी त्या बाजूला जाऊन बसायला हवं. तिच्यानं आता उठवणार नाही.

थँक्सगिव्हिंगला मीच येते. तिकीट बघ.

तुझी,
वेल्डामामी

---

टिलमन्स क्रॉसिंग
२ जुलै

इमोजीन,

मागच्या पत्रात मी तोंडाला येईल ते बोलले. चिडले होते. तुझी खेचरं जिंकतायत ना, म्हणून जळफळाट झाला. स्वेटर तुझाच आहे. घाल.

आता कामाचं. तू आमच्या कोलवर्थला नावं ठेवलीस. आमच्या! तो ओहायोचा असेल, पण माणूस जिगरबाज आहे. तुमची खेचरं पिढ्यान्पिढ्या बॉल काखोटीला मारून धडका देत बसली. त्याला काय अक्कल लागते? गोठ्यातल्या जनावरालाही धडक देता येते. फेकायला नजर लागते, हिंमत लागते. आमचा कोच पोरांना म्हणतो, पडला बॉल तर पडू दे, पुढचा फेक. असं तुमच्याकडे कुणी म्हणतं का? तुमच्याकडे बॉल पडला की पोराला बाकावर बसवतात आणि त्याच्या बापाशी बोलणं टाकतात.

त्या बैलमान्याचं कौतुक पुरे. मान जाड आहे, पण तो एकदा डावीकडे वळला की उजवीकडे यायला दुपार लागते. लिहून ठेव, नोव्हेंबरात आमचे ससाणे तुम्हाला असे धुतील की तुम्ही तोंड लपवत फिराल.

मी स्वतः येतेय बघायला. निळ्यात येईन. सोफ्यावर माझी बाजू मोकळी ठेव.

आणि उत्तर दे. झापून दे. गप्प बसलीस तर हरलीस असं समजेन.

तुझी भावजय,
ससाण्यांची,
वेल्डा

---

सेंट अल्बर्ट
१५ जुलै

वेल्डा,

काय लिहितेस काय! डोकं फिरलंय का तुझं? मी वाचताना एवढ्यांदा ओरडले की लॉरेल वरून धावत आली.

तो माणूस हाफ चड्डी घालतो! आणि तू त्याला जिगरबाज म्हणतेस! अगं, जिगर काखेत असते, बॉलसकट. फेकून द्यायची नसते. आमचा पोरगा डावीकडे वळला तर तुमचे ससाणे उजवीकडे बघत बसतील. निळ्यात येतेस? ये, ये. रडत जाशील.

क्लीव्हला म्हणावं, बायकोला आवर.

क्लबातल्या बायकांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं बघा, ही माझी भावजय, हिला अक्कल नाही. एवढी वर्षं झाली आमच्या घरात येऊन, सगळ्यांनी समजावलं, मी समजावलं, माझ्या आईनं समजावलं. हिनं कुणाचं ऐकलं नाही.

इथं सगळं बदलतं गं वेल्डा. खोल्या बदलतात. माणसं बदलतात, कालची आज ओळखू येत नाहीत. लॉरेलसुद्धा हल्ली माझ्या होला हो करते, पूर्वी करायची नाही. मला भीती वाटते कधी कधी. मग तुझं पत्र येतं. तू तेवढी जराही बदलली नाहीस.

लवकर ये.

तुझी,
इमोजीन